शेवटचा थर

अकरा महिने समुद्रावर असलेल्या नवऱ्याचा निरोप आला की बायकोच्या डोळ्यांत पाणी यावं, ही जगाची रीत. दारिनच्याही आलं असतं. पण निरोपातले निम्मे शब्द तिला कळलेच नाहीत, आणि न कळलेल्या मजकुरावर माणूस रडणार तरी कसं?

क्रितने जहाजावरून लिहिलं होतं, "सोंगक्रानच्या आधी घरी येतो. गाडी तयार ठेव. आधी टूबीएम, मग आयएफआर, मग क्ले, मग आयपीए, मग एलएसपी. आतून एपीसी, पण जपून. डीए अजिबात नको. बाकी सगळं ठीक ना?"

सोंगक्रान, म्हणजे एप्रिलमधलं थाई नवं वर्ष, जवळ आलं होतं. क्रित मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. जहाजावरचं इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातला नळ, कधी येईल आणि किती वेळ टिकेल याचा नेम नाही. त्यामुळे अक्षरं वाचवायची त्याला सवय लागलेली. हे दारिनला मान्य होतं. पण वाचवायचीच तर कुणाच्या वाटची वाचवावीत, याला काही ताळतंत्र? गाडीला चार वाक्यं आणि 'बाकी सगळ्या'ला एक. या बाकी सगळ्यात ती स्वतः, अडीच वर्षांची प्रांग, सासूबाईंचे गुडघे आणि न्हाणीघराचा गळका नळ असे सगळे दाटीवाटीने बसले होते.

तिने उत्तर पाठवलं, "हो. बाकी सगळं ठीक."

टूबीएम म्हणजे काय, हे तिला त्याच निरोपात विचारता आलं असतं. पण दारिन ग्रंथालयशास्त्राची पदवीधर होती. जगातलं कुठलंही ज्ञान कुठल्या फडताळात सापडेल हे सांगण्याचं प्रमाणपत्र तिच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं होतं. शिवाय लग्न झाल्यापासून क्रित सुट्टीवर असला की दर रविवारी सकाळी गाडी धुताना तिला हे सगळं सांगायचा, आणि ती मिरच्या निवडत निवडत "हं" म्हणायची. आता विचारलं असतं, तर ती सगळी 'हं' एका झटक्यात उघडी पडली असती. गंमत अशी की आता तो समोर उभा राहून गाडीवरच्या ओरखड्यांवर तासभर बोलला असता, तर तिने मिरच्या बाजूला ठेवून शब्द न् शब्द ऐकला असता.

गाडीविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, म्हणजे पुढे दारिनला कुणी वेडी म्हणणार नाही. म्हणायचंच असेल तर आत्ताच म्हणून घ्यावं. क्रित लांब पायांचा. त्याची सीट अगदी मागे ढकललेली. तो गेला त्या दिवसापासून दारिनने ती एक खाचही पुढे घेतली नव्हती. एकदा पुढे घेतली की त्याची नेमकी जागा परत सापडते का? मग पाच फुटांची ही बाई पाठीमागे दोन उश्या घेऊन, सीटच्या काठावर टेकून गाडी चालवायची. पाठीमागे अख्खा माणूस मावेल एवढी पोकळी होती, आणि अकरा महिने तिने ती उश्यांनी भरून काढली होती.

शेजारच्या लामाई मावशी तिला म्हणायच्याही, "अगं, सीट सरकवायची कळ बिघडलीय का? दुरुस्त करून घे की."

"हो मावशी, बिघडलीय," दारिन म्हणायची. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तर, दारिनने ज्ञानमार्ग धरला. दोनशे पानी वही आणली, रेघा आखल्या आणि 'लांपांग चकाकी परिवार' नावाच्या फोनवरच्या गटात शिरली. या गटात साडेचार हजार पुरुष होते आणि अक्षरांवर कर बसवल्यासारखे लिहीत होते. एकाने लिहावं, "टूबीएम झालं, ओएनआर घेऊ?" दुसऱ्याने म्हणावं, "आधी आयएफआर." तिसरा नुसता अंगठा दाखवणार. प्रश्न विचारायचा तर आधी अर्ज भरावा लागे: गाडीचा रंग, वर्ष, छपराखाली असते की झाडाखाली, आणि पीटीजीचा आकडा.

दारिनने नम्रपणे लिहिलं, "पीटीजी म्हणजे काय?"

गटप्रमुखांचं उत्तर आलं, "पीटीजीचा आकडा दिल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाही."

सरकारी ग्रंथालयात तीन वर्षं काढलेल्या बाईला या उत्तरात माहेरचा वास आला. तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही. गटातली जुनी चर्चा उपसत ती चार दुपारी बसली, प्रांग झोपलेली असताना, आणि वहीत नोंदी चढत गेल्या. पीटीजी: रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र. टूबीएम: दोन बादल्यांची पद्धत, एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आयएफआर: रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारा द्रव. क्ले: चिकट भाताच्या मुटक्यासारखा गोळा, गाडीवर फिरवला की खरखर टिपून घेतो, जमिनीवर पडला तर मेला, पुन्हा वापरू नये. आयपीए: तेलकटपणा पुसायचं अल्कोहोल. एपीसी: सगळं साफ करणारा साबण, पाणी घालूनच वापरावा. डीए: गरगरत डुगडुगणारं पॉलिशचं यंत्र, नवख्यांनी हात लावू नये.

एक नोंद तिने लिहिली आणि उगीचच तिच्याकडे बघत बसली. आरआयडीएस: इतर ओरखड्यांपासून दूर, एकटाच खोल गेलेला ओरखडा. पॉलिशने जात नाही.

एलएसपी म्हणजे अगदी शेवटी लावायचा थर, एवढं तिला पहिल्याच दिवशी कळलं. पण तो कशाचा असावा, यावर गटात दोनशे अकरा उत्तरं होती. मेणवाले, सीलंटवाले, सिरॅमिकवाले. मेणवाल्यांनी सिरॅमिकवाल्यांना पैशाचा माज आहे असं सुचवलं, सिरॅमिकवाल्यांनी मेणवाल्यांचे आजोबा काढले, आणि दोघे सख्खे भाऊ गट सोडून गेले. दारिनने एलएसपीपुढची ओळ कोरी ठेवली.

ज्ञान मिळालं, पण पाणी कुठे होतं? एप्रिलचं लांपांग. कॉलनीचा नियम असा की मार्चपासून सोंगक्रानपर्यंत गाडी धुवायला बंदी, कारण टाकी भरून ठेवायची. आणि टाकी भरून ठेवायची, कारण तेरा तारखेला नव्या वर्षाच्या नावाने अख्खी कॉलनी तेच पाणी तीन दिवस एकमेकांच्या डोक्यावर ओतणार. यातला विनोद कॉलनीच्या ऑफिसात कुणालाच दिसत नव्हता.

"गाडी धुण्याचा अर्ज बंद आहे," ऑफिसातल्या बाई पंख्याकडे तोंड करून म्हणाल्या.

"नवरा येतोय हो, अकरा महिन्यांनी."

"नवरा धुवायचा असेल तर घरात धुवा. त्याला अर्ज लागत नाही." मग बाईंना जरा दया आली. "झाडांना पाणी घालायचा अर्ज चालू आहे. झाड आहे ना?"

"बोगनवेल आहे."

"गाडी कुठे लावता?"

"बोगनवेलीखाली."

बाईंनी शिक्का मारला. "रोज दोन बादल्या. वर एक थेंब नाही."

दोन बादल्या! दारिन शिक्क्याकडे बघत राहिली. साडेचार हजार पुरुषांचं शास्त्र आणि कॉलनीचं ऑफिस यांचं आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगनवेलीला पाणी घालायचा कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षक आधीच हजर होते. प्रसोंग काका, जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले, स्वतःची खुर्ची घेऊन आले. लामाई मावशी भाजलेल्या केळ्यांची परात मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसल्या. सासूबाई, बुआचान आई, दारात पंखा हलवत होत्या. त्या बोलत काहीच नव्हत्या, आणि दारिनला जास्त भीती त्याचीच वाटायची.

"दोन बादल्या कशाला?" काका म्हणाले. "आमच्या वेळी गाडी धुवायचा एकच शॉर्टफॉर्म होता. पाणी!"

"काका, एकीत साबण, एकीत फडकं खळबळायचं. नाहीतर धुळीचे कण रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पाडतात."

"भांडी घासायचा काथ्या आणू का?"

"नको!" दारिन इतक्या जोरात ओरडली की प्रांग दचकून रडायला लागली. प्रांगला शांत करायला तिने हाताशी जे सापडलं ते दिलं, आणि हाताशी होता नंतरसाठी काढून ठेवलेला क्लेचा गोळा. पाच मिनिटांत प्रांगने त्याचा हत्ती केला, हत्तीला चालवला, आणि हत्ती गटाराच्या कडेला बसला.

"मेला," दारिन कळवळून म्हणाली.

"कोण मेलं?" मावशी उठून उभ्या राहिल्या.

हत्तीच्या निधनानंतर आयएफआर आलं. वहीत सगळं लिहिलेलं होतं: फवारावं, थांबावं, धुवावं. फवारल्यावर काय दिसतं, हे मात्र गटात कुणी लिहिलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होतं. दारिनने काळ्या गाडीच्या पांढऱ्या चाकांवर फवारा मारला आणि थांबली. हळूहळू चाकांतून जांभळे ओघळ सुटले, लालसर होत खाली टपकले, आणि सडक्या अंड्यांचा वास गल्लीभर पसरला.

"अगं बाई, रक्त!" लामाई मावशींची केळी सांडली. "गाडीखाली कुणीतरी आलंय! प्रसोंगदादा, बघा ना!"

"मी बघत नाही," काका खुर्चीसकट मागे सरकत म्हणाले. "मला साक्षीला बोलावतील."

मांजर असेल, कुत्रं असेल, असं करत सात-आठ बायका जमल्या. दारिन भिजलेल्या कपड्यांनी, हातात बाटली धरून, ते लोखंडाचे कण विरघळतायत म्हणून परोपरीने सांगत होती. पण जांभळ्या थारोळ्यात उभं राहून खुलासा करणाऱ्या बाईवर कुणाचा विश्वास बसतो? शेवटी बुआचान आईंनी दारातूनच विचारलं, "क्रितही रविवारी हेच करायचा ना?"

"हो आई."

"मग असू दे. त्याचंही असंच घाण वास मारायचं." आणि गर्दी पांगली.

तर बाहेरून गाडी झाली. दोन-दोन बादल्यांनी तीन सकाळी लागल्या, क्लेचा नवा गोळा लागला, बोगनवेलीला एक थेंब मिळाला नाही, पण गाडी अशी काळीभोर दिसायला लागली की दारिनला तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला. चेहरा फारसा चांगला नव्हता, पण स्पष्ट होता. इथे ती थांबली असती तर ही कथा झाली नसती. पण क्रितने लिहिलं होतं, आतून एपीसी.

आत, चालकाच्या डोक्यावरच्या छताला, एक गुलाबी डाग होता. प्रांगच्या सरबताचा, बोटाएवढा. दारिनने एपीसीत मोजून पाणी घातलं, फडक्यावर घेतलं आणि टिपलं. डाग गेला. पण डागाच्या जागी छत इतकं उजळ झालं की आता तोच एक पांढरा डाग दिसायला लागला. म्हणून तिने त्याच्या कडा जरा पुसल्या. डाग वाटीएवढा झाला. मग ताटलीएवढा. स्वच्छता ही एक अशी गोष्ट आहे की ती सुरू कुठे करायची ते माणसाच्या हातात असतं, संपवायची कुठे ते नसतं. डोकं मागे टाकून, मान अवघडून, डोळ्यांत घाम जात असताना दारिन पुसत पुसत पुढे सरकत राहिली. अर्धं छत लख्ख झालं तेव्हा तिने डोळे पुसले आणि फडक्याकडे पाहिलं. फडक्यावर खडूसारखी पांढरी पूड होती.

तिने मान वर करून समोरच्या काचेच्या वरचं छत पाहिलं.

गाडी नवी आली तेव्हा छतावर, समोरच्या काचेच्या अगदी वर, पांढऱ्या मातीच्या लेपाचे नऊ ठिपके काढलेले होते. काढले होते भिक्खूमामांनी, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या भावाने. चाळीस वर्षं मठात काढलेला माणूस. या घरच्या प्रत्येक गाडीला, सायकललासुद्धा, त्यांचंच बोट लागलेलं. गेल्या पावसाळ्यात ते गेले. क्रित तेव्हा भर समुद्रात होता, त्याला येता आलं नाही. तेव्हापासून बुआचान आई गाडीत बसल्या की आधी वर पाहायच्या, ठिपक्यांना हात जोडायच्या, आणि मग म्हणायच्या, "चला." त्याशिवाय गाडी हलायची नाही.

नऊपैकी आता दीड ठिपका उरला होता.

दारिन फडकं छातीशी धरून सीटच्या काठावर बसून राहिली. क्रितला ज्यांचा शेवटचा निरोप घेता आला नाही, त्यांच्या बोटाची खूण तिने एकास दहा पाणी घातलेल्या साबणाने पुसून टाकली होती, आणि तीसुद्धा त्याचं स्वागत नीट व्हावं म्हणून.

पुढचे पाच दिवस तिने जे केलं ते पदवीधर बाईला शोभणारं नव्हतं. आधी उरलेला दीड ठिपका पुसला गेला, कारण त्याच्या जोडीला तिने प्रांगच्या पावडरीत पाणी कालवून बाकीचे साडेसात काढून पाहिले, ते पुरळ उठल्यासारखे दिसायला लागले, आणि आईचं मन असल्यामुळे तिला आधी प्रांगला ताप तर नाही ना तेच बघावंसं वाटलं. मग सगळंच पुसावं लागलं. सासूबाईंना तिने गाडीपासून लांब ठेवलं.

"आई, पुढच्या सीटचा पट्टा अडकलाय. बाजारात आपण टेम्पोने जाऊ."

"हं," आई म्हणाल्या.

"आई, गाडीत औषधाचा वास आहे, तुम्हाला ठसका लागेल."

"हं."

त्या 'हं'मध्ये काय होतं ते दारिनला चांगलं कळत होतं. शेवटी तीही मिरच्या निवडत हेच म्हणत आली होती.

शेवटी ती हमरस्त्यावरच्या नोपच्या गाड्या चकाकवायच्या दुकानात गेली. नोप हा त्या गटातला सर्वांत मानाचा माणूस, त्याच्याकडे डीएसुद्धा तीन होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हाताची मागची बाजू फिरवली आणि म्हणाला, "ताई, क्ले छान फिरवलंय. घरी केलंत? वा! एलएसपी राहिलंय फक्त."

एरवी या कौतुकावर ती आठवडाभर जगली असती. "आत बघा," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

नोपने वर पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, लोक डांबर काढून मागतात, च्युइंगगम काढून मागतात, एकाने बायकोच्या सेंटचा वास काढून मागितला होता. काढलेलं परत लावून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "कुणाचा हात होता?"

"घरातले भिक्खू. गेले ते."

नोपने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि रिकाम्या छताला हात जोडले. "मग याला माझ्याकडे बाटली नाही, ताई. थांबा, निदान खालची धूळ ओढून देतो, सीट जरा पुढे..."

"सीटला हात लावू नका!"

नोपने उश्यांकडे पाहिलं. त्याने सीटखालची धूळ तशीच राहू दिली आणि तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

अकरा तारखेला दुपारी क्रितचा फोन आला. आवाज तुटत होता. त्याच्या जागी येणारा इंजिनिअर आजारी पडला होता. दुसरा मिळेपर्यंत जहाज सोडता येत नव्हतं. अजून वीस दिवस, कदाचित पंचवीस.

"दारिन? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"बाकी सगळं ठीक?"

"ठीक आहे," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलेली पहिली गोष्ट म्हणजे सुटका: ठिपक्यांचं काहीतरी करायला वीस दिवस मिळाले. दुसरी गोष्ट वाटायला लागली तेव्हा ती बाहेर गेली आणि चकचकीत, सुंदर, कुणाच्याही कामाची नसलेली ती गाडी कोरड्या फडक्याने पुन्हा एकदा पुसून आली.

तेरा तारखेला बुआचान आई ठेवणीतलं लुगडं नेसून, चांदीच्या वाडग्यात मोगऱ्याचं सुगंधी पाणी घेऊन तयार झाल्या. सोंगक्रानला मठात जाऊन घरच्या गेलेल्यांच्या अस्थींवर पाणी घालायचं असतं. भिक्खूमामांचं हे पहिलं वर्ष.

"टेम्पो बोलावते," दारिन म्हणाली.

"आज टेम्पो कुठले मिळतायत? रस्ते बघ. गाडी काढ."

"आई, पट्टा..."

"पट्टा अडकलाय ना? मी हाताने धरून बसेन." आणि त्या जाऊन पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा.

दारिनने प्रांगला मागे तिच्या खुर्चीत बांधलं, पाठीशी उश्या घेतल्या आणि किल्ली फिरवली. शेजारी सासूबाईंनी वर पाहिलं. जोडायला निघालेले हात मध्येच थांबले. दारिनने समोर बोगनवेलीकडे नजर लावली. दोन आठवड्यांत ती वेल खरंच वाळली होती.

"आई, मी..." तिने किल्लीवरचा हात काढून घेतला. "मी पुसलं. चुकून. सरबताचा डाग होता म्हणून. मी रोज सांगणार होते."

आईंनी वाडगा मांडीवर नीट धरला. मग म्हणाल्या, "चला."

हात न जोडता म्हणाल्या. दारिनला त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बाजाराच्या चौकात गाडी अडकली. दोन्ही बाजूंनी बादल्या, पिपं, पिचकाऱ्या, ढोल. पहिली बादली काचेवर बसली आणि प्रांग आनंदाने किंचाळली. मग हात आले. पांढऱ्या मातीच्या लेपाने भरलेले हात, बॉनेटवर, दारांवर, काचांवर. "नवं वर्ष सुखाचं जावो!" म्हणत कुणी पंजा उमटवला, कुणी तो पुसून दुसरा उमटवला. तीन सकाळींची दोन-दोन बादल्यांची काळी चकाकी दोन मिनिटांत पिठाच्या गिरणीत जाऊन आल्यासारखी झाली. दारिनला हसू आलं, आणि हसता हसताच रडू यायला लागलं.

बुआचान आईंनी खिडकीची काच खाली केली. एक पोरगी लेपाची वाटी घेऊन उभी होती. "बाळ, जरा इकडे आण," आई म्हणाल्या, आणि तिच्या वाटीत बोट बुडवलं. मग गुडघ्यांची कुरकुर करत अर्धवट उठून, एका हाताने दार धरून, त्यांनी छताला बोट टेकवलं. एक. पुन्हा बुडवलं. दोन.

दारिन बघतच राहिली. ठिपका न् ठिपका जुन्याच जागी, त्याच अंतरावर, त्याच किंचित डावीकडे झुकलेल्या रांगेत.

"आई, तुम्हाला कसं..."

"अगं, मातीची पूड ती. किती दिवस टिकणार?" आई सहावा ठिपका काढत म्हणाल्या. "पहिल्या वर्षीच झडली. सोंगक्रानला मी परत लावली. पुढच्या वर्षी परत. दादाला सांगितलं होतं मी. तो म्हणाला, तुझंच बोट चालव, माझा हात हल्ली कापतो." नववा ठिपका झाला. "तुझं सगळीकडे लक्ष असतं म्हणतेस, आणि दरवर्षी तुझ्या डोक्यावर मी हे करत होते ते तुला दिसलं नाही?"

दारिनला आठवलं. दर सोंगक्रानला या चौकात ती मागे वळून प्रांगला कोरडं करत असायची.

"मग पाच दिवस तुम्ही 'हं' का म्हणत होतात?"

"मला वाटलं, तू गाडीत काहीतरी क्रितसाठी करून ठेवलंयस. बघायला नको म्हणून." त्या सीटवर टेकल्या, वर पाहिलं, आणि पांढऱ्या झालेल्या बोटांनी हात जोडले. "दादा, हा घे नमस्कार. पुढच्या वर्षी परत लावते. चला."

मठाच्या आवारात, अस्थींवर पाणी घालून झाल्यावर, फोन वाजला. चित्रासकट. क्रितच्या मागे राखाडी समुद्र होता आणि त्याचे डोळे खोल गेले होते. आईंनी त्याला वाडगा दाखवला, वाडग्यातलं उरलेलं पाणी दाखवलं, आणि त्याने तिकडूनच हात जोडले. मग म्हणाला, "गाडी दाखव."

दारिनने फोन फिरवला. नखशिखांत पांढरी, पंजेच पंजे, वाळायला लागलेली.

"टूबीएम केलं होतं?" लांबून आवाज आला.

"केलं होतं. आयएफआर, क्ले, आयपीए, सगळं. क्ले एकदा मेलं."

"आणि एलएसपी? एलएसपी काय लावलंस?"

तिने फोन गाडीच्या आत नेला आणि छतावरचे नऊ ठिपके दाखवले. "तुझ्या आईचं बोट," ती म्हणाली. "वर्षभर टिकतं. मग परत लावायचं."

क्रित पडद्याजवळ सरकला आणि ठिपके मोजू लागला.

"संध्याकाळी पाणी मिळालं तर बाहेरून धुते," ती घाईने म्हणाली. "माती वाळली की ओरखडे पडतात, मला माहितीये, वहीत आहे."

"धुऊ नकोस."

"क्रित, ओरखडे पडतील."

"पडू देत. मी येईपर्यंत तशीच ठेव. मला यायला काहीतरी काम असू दे." मग चित्र अडखळलं, त्याचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला, आणि त्यातून नेहमीचा प्रश्न आला. "बाकी सगळं ठीक ना?"

आई प्रांगला घेऊन झाडाखाली गेल्या होत्या. दारिनने एकदा त्या मागे ढकललेल्या सीटकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "ठीक नाही. अकरा महिने ठीक नाही."

पडद्यावर क्रितचं तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं. नेट गेलं होतं. आपलं बोलणं पोचलं, की समुद्रात पडलं, हे कळायला मार्ग नव्हता. ती फोन हातात धरून उन्हात उभी राहिली. आईंनी हाक मारली. प्रांगला भूक लागली होती.

तिने सगळ्यांना गाडीत बसवलं, पाठीशी दोन्ही उश्या नीट लावल्या. आईंनी वर पाहून हात जोडले. त्या "चला" म्हणणार, एवढ्यात फोन खणकला. क्रितचे दोनच शब्द होते, आणि पहिल्यांदाच एकाही अक्षराची काटकसर नव्हती.

"माझंही नाही."